घरी व्हिस्की चाखताना: ‘थोडीशी’ म्हणजे नेमकी किती?

“डॉक्टर, हे पीत नाहीत हो, फक्त टेस्ट करतात.” सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालेल्या एका गृहस्थांच्या पत्नी हे सांगत होत्या. गृहस्थ शेजारी बसून थोडे ओशाळवाणे हसत होते. छंद तसा अभ्यासू होता. दर शनिवारी चार मित्र जमायचे, पाच-सहा वेगवेगळ्या बाटल्या उघडायच्या, प्रत्येकीतली ‘थोडीशी’ ग्लासात घ्यायची, वास, चव, रंग वहीत लिहायचा, गुण द्यायचे. मी त्यांना पाण्याची बाटली आणि कागदी कप दिला आणि म्हटलं, तुमची ‘थोडीशी’ ओतून दाखवा. त्यांच्या अंदाजाने ती १५ मिली होती. सिरिंजने मोजली तर ३५ मिली निघाली. सहा बाटल्यांचा हिशेब केला की २१० मिली होतात. बाजारात ज्याला क्वार्टर म्हणतात ती बाटली १८० मिलीची असते. म्हणजे दर शनिवारी हे गृहस्थ क्वार्टरपेक्षा जास्त ‘टेस्ट’ करत होते, आणि वहीत त्याचा कुठेही उल्लेख नव्हता.

व्हिस्की, रम, ब्रँडी, फेणी घरी बसून चाखणाऱ्या, बाटल्या जमवणाऱ्या आणि त्यावर वाद घालणाऱ्या लोकांची संख्या वाढते आहे. त्यात स्त्रिया आहेत, निवृत्त मंडळी आहेत, परदेशी राहणारी मुलं विमानतळावरून आणून देतात म्हणून चाखणारे आईवडीलही आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. आरोग्यासाठी दारू सुरू करण्याचं एकही कारण आज वैद्यकशास्त्राकडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं की दारूचं पूर्णपणे सुरक्षित असं कोणतंही प्रमाण दाखवता येत नाही. ‘हृदयासाठी एक पेग चांगला’ हे वाक्य विसरून जा. पण जे घेतातच, त्यांना ‘घेऊ नका’ एवढंच सांगून मी मोकळा झालो तर ते पुढच्या वेळी मला खरं सांगत नाहीत.

माप

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्की, रम, ब्रँडी आणि व्होडकाच्या लेबलवर ४२.८ टक्के हा आकडा असतो. याचा अर्थ १०० मिली पेयात ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल. एक स्मॉल पेग ३० मिलीचा, त्यात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. वैद्यकीय हिशेबात यालाच एक ‘स्टँडर्ड ड्रिंक’ म्हणतात. लार्ज म्हणजे ६० मिली, २० ग्रॅम. वरच्या गृहस्थांचे २१० मिली म्हणजे जवळपास ७० ग्रॅम.

लिव्हर हे अल्कोहोल ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम या वेगाने मोडतं. तो वेग कॉफीने, लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या अंघोळीने किंवा उलटी काढून वाढत नाही. ७० ग्रॅमला सात ते दहा तास लागतात. रात्री अकराला शेवटचा ग्लास ठेवून सकाळी सहाला मुलीला स्टेशनवर सोडायला गाडी काढली, तर रक्तात अल्कोहोल अजून असू शकतं. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी कमी आहे. ‘रात्री झोप झाली, उतरली’ हा हिशेब झोपेचा आहे, लिव्हरचा नाही.

चाखणाऱ्या मंडळींच्या बाबतीत एक जास्तीची अडचण असते. त्यांच्या आवडीच्या बाटल्या अनेकदा ४२.८ टक्क्यांच्या नसतात. लेबलवर ‘कास्क स्ट्रेंग्थ’ लिहिलेलं असेल तर पिपातून काढलेली व्हिस्की पाणी न घालता भरलेली असते, आणि तिची तीव्रता ५५ ते ६० टक्क्यांपर्यंत जाते. अशा व्हिस्कीच्या ३० मिलीत १० नव्हे, १४ ग्रॅमपर्यंत अल्कोहोल असतं. गोव्याची काजू फेणी साधारण व्हिस्कीइतकीच तीव्र असते. त्याआधीच्या टप्प्यावर निघणारं हुर्राक तिच्या निम्म्याहून सौम्य असतं, आणि म्हणूनच लिंबू-सोडा घालून पाण्यासारखं प्यायलं जातं. सौम्य पेय मोठ्या ग्लासात घेतलं की हिशेब पुन्हा तिथेच येतो. पाणी, सोडा किंवा बर्फ घातल्याने चव सौम्य होते, ग्लासातले ग्रॅम तेवढेच राहतात.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. औषधाच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका आणि प्रत्येक नमुना तिने मोजून घ्या. एका बैठकीत तीन नमुने, प्रत्येकी १० मिली. एकूण एक स्मॉल पेग. छंद खरा असेल तर एवढं पुरतं. का पुरतं, ते आता सांगतो.

काम नाकाचं, जिभेचं नाही

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. व्हिस्कीत लोकांना जे मध, सुकं अंजीर, धूर, व्हॅनिला सापडतं ते सगळं नाकाला सापडतं, एक तर ग्लासावर हुंगताना किंवा घोट तोंडात असताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या वाफेतून. सर्दीत नाक चोंदलं की आमटी बेचव लागते ती याचमुळे.

हे वास कल्पनेतले नसतात, त्यांच्यामागे रसायनं असतात. ओकच्या लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलीन बनतं, तेच व्हॅनिला आइस्क्रीममध्ये असतं. त्याच लाकडातून युजेनॉल येतं, म्हणजे लवंग. दाताच्या डॉक्टरकडे जो वास येतो तो हाच. पिकलेल्या केळ्याचा वास आंबवण्याच्या वेळी यीस्ट तयार करतं. नारळाचा वासही लाकडातल्या लॅक्टोन नावाच्या घटकातून येतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या काही व्हिस्की ड्रेसिंग रूमसारख्या वास मारतात, कारण तिथे बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात आणि त्यातले फिनॉल व्हिस्कीत उतरतात. लोक त्यासाठी हजारो रुपये मोजतात. आम्ही डॉक्टर मंडळींनी तो वास आयुष्यभर फुकट घेतला.

घसा जाळते ती ‘चव’ नसते, ती वेदना असते. मिरचीचा ठेचा खाल्ल्यावर जो संवेदक चेततो तोच इथेही चेततो. एरवी तो साधारण ४२-४३ अंश तापमानाला ‘भाजलं’ असा संदेश देतो. अल्कोहोलमुळे त्याचा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येतो, म्हणजे तुमच्या शरीराचं नेहमीचं तापमानच त्याला भाजल्यासारखं वाटू लागतं. जास्त जाळणारी दारू ‘कडक’ म्हणून चांगली, असं समजण्याला काही अर्थ नाही. आणि हा जाळ चालू असताना नाक नीट कामच करू शकत नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवा. चाखण्याआधी पोटभर जेवा. खारे शेंगदाणे नव्हे, भाकरी-भाजी, वरण-भात असं जेवण. रिकाम्या पोटी अल्कोहोल रक्तात फार वेगाने चढतं. (गंमत अशी की ‘चखणा’ हा शब्द आपण वाडग्यातल्या फरसाणाला देऊन टाकला आहे, आणि ज्याचा खरोखर स्वाद घ्यायचा ते गटागट गिळतो.) ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास वर गोळा होतो. १० मिली ओतून काही मिनिटं तसंच राहू द्या. ग्लास नाकापासून थोडा लांब धरा, ओठ किंचित उघडे ठेवा, आणि हलका श्वास घ्या. नाक ग्लासात खुपसून जोराने हुंगलंत तर फक्त अल्कोहोलचा झणका लागेल आणि पुढची पाच मिनिटं नाक बधिर होईल.

मग तितकंच, म्हणजे १० मिली, साधं पाणी घाला. पाणी घातलं तर ‘मजा गेली’ असं म्हणणारे बरेच भेटतात. पण स्कॉटलंडमध्ये ज्यांचा हा व्यवसायच आहे ते ब्लेंडर नमुने साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करूनच हुंगतात. २०१७ साली स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासाचा एक घटक, द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो आणि नाकापर्यंत सहज पोचतो. बर्फ मात्र उलटं काम करतो. थंडीने वास दबतात आणि जीभ बधिर होते.

एवढं झाल्यावर अर्धा चमचा तोंडात घ्या, फिरवा, नाकाने श्वास सोडा आणि थुंकून टाका. इथे बहुतेकांचा चेहरा बदलतो. एवढ्या महागाची व्हिस्की थुंकायची? पण एका दिवसात वीस-पंचवीस नमुने चाखणारे व्यावसायिक हेच करतात, नाही तर दुपारपर्यंत त्यांना चव सांगता येणार नाही. आजोबांच्या काळात बैठकीत पिकदाणी असायची. तुमच्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला तर काही बिघडत नाही. थुंकल्याने पोटात जाणारं अल्कोहोल खूपच कमी होतं, पण शून्य होत नाही. ज्यांना एक थेंबही वर्ज्य आहे त्यांनी ‘थुंकतो ना’ म्हणून सवलत घेऊ नये.

एक वैद्यकीय सूचना इथेच देतो, कारण चाखणाऱ्यांना ती इतरांपेक्षा लवकर लागू पडते. काही आठवड्यांपासून वास कळेनासा झाला असेल, फोडणीतला हिंग, कॉफी, उदबत्ती हेही पूर्वीसारखं जाणवत नसेल, तर दोष बाटलीला देऊ नका. कोविड किंवा इतर विषाणूंच्या संसर्गानंतर, नाकातल्या कोंबांमुळे, अनेक वर्षांच्या तंबाखू-सिगारेटमुळे असं होतं. क्वचित पार्किन्सनसारख्या आजारात हातांची थरथर सुरू होण्याच्या काही वर्षं आधी वास जातो. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. शिवाय वास न कळणाऱ्या माणसाला घरातला गॅस गळतीचा वासही कळत नाही.

चांगली दारू ओळखण्याच्या परीक्षा

रंग गडद म्हणजे जुनी आणि उत्तम, हे खरं नाही. स्कॉचमध्येही रंगासाठी कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे. ग्लासाच्या आतून ओघळणाऱ्या रेघा अल्कोहोलचं प्रमाण दाखवतात, दर्जा नाही. बाटली हलवून मणी किती वेळ टिकतात ते पाहण्याची जुनी रीत आहे. तीही तीव्रतेचाच अंदाज देते. वयाचा आकडाही सगळीकडे सारखा बोलत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिपातून दर वर्षी साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळूर किंवा गोव्याच्या उष्णतेत हे प्रमाण त्याच्या कितीतरी पट असतं आणि लाकडाचा अर्कही लवकर उतरतो, म्हणून इथली पाच-सहा वर्षांची सिंगल माल्ट तिकडच्या बारा वर्षांच्या व्हिस्कीशी टक्कर देते. आणि किंमत? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना एकच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. ९० डॉलरची त्यांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी संबंधित भाग तेव्हा जास्त चेतलेला दिसला. तुमच्या गुणांच्या वहीवर विश्वास ठेवायचा असेल तर बाटल्यांना कागद गुंडाळा आणि ओतायचं काम दुसऱ्याला द्या.

या गैरसमजांमधला एक मात्र जिवावर बेततो. ‘मी हलकी दारू घेत नाही, चांगलीच घेतो, तिने लिव्हर खराब होत नाही.’ हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की रुग्ण वाक्य सुरू करतो तेव्हाच शेवट कळतो. लिव्हरला अपाय करतं ते इथेनॉल आणि ते मोडताना तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड. शंभर रुपयांच्या बाटलीत आणि दहा हजारांच्या बाटलीत इथेनॉलचा रेणू एकच असतो. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८८ सालीच मद्याचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची जोड असेल तर तोंडाचा आणि घशाचा धोका नुसता बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो.

‘पण माझे लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हेही पुरेसं नसतं. एसजीपीटी, एसजीओटी नॉर्मल असताना लिव्हरमध्ये घट्ट व्रण, म्हणजे फायब्रोसिस, असू शकतो. सिऱ्होसिसच्या उशिराच्या टप्प्यावर तर हे आकडे बरेचदा नॉर्मलच्या जवळ येतात. मधुमेह, पोटाचा वाढलेला घेर आणि सोबत नियमित दारू असेल तर डॉक्टरांना फायब्रोस्कॅनबद्दल विचारा.

ज्यांच्यासाठी दहा मिलीही जास्त

गरोदर स्त्री किंवा गर्भधारणेचा प्रयत्न करणारी स्त्री, सिऱ्होसिस झालेला माणूस, कावीळ किंवा हिपॅटायटिस चालू असलेला, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेला, अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव झालेला, आणि व्यसनातून बाहेर आलेला माणूस, यांना चाखण्यासाठीही नाही. लहान मुलांना तर नाहीच. सर्दी झाली म्हणून बाळाच्या छातीला ब्रँडी चोळणं, चमचाभर पाजणं, बाळंतिणीला ‘ऊब यावी’ म्हणून देणं हे प्रकार अजून घराघरांत चालतात. दारूने ऊब येत नाही. त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरल्याने तसं वाटतं, आणि प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर जाते. लहान मुलात थोड्याशा अल्कोहोलनेही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

म्हणूनच जमवणाऱ्यांना एक विनंती. मित्रांबरोबर नमुन्यांची देवाणघेवाण करताना व्हिस्की छोट्या काचेच्या बाटल्यांत भरली जाते. त्या हुबेहूब औषधाच्या बाटल्यांसारख्या दिसतात. मुलांच्या आणि दिसायला कमी झालेल्या आजी-आजोबांच्या हाताला लागतील अशा ठिकाणी त्या ठेवू नका. कुलपात ठेवा, प्रत्येकीवर मोठ्या अक्षरात लिहा. बैठक संपल्यावर ग्लास तसेच टेबलावर सोडून झोपायला जाऊ नका. सकाळी सगळ्यात आधी उठतो तो चार वर्षांचा नातू.

औषधं चालू असतील तर

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर हा भाग नीट वाचा. साखर कमी होऊ लागली की लिव्हर साठ्यातून आणि नवी साखर बनवून ती सावरतं. अल्कोहोल असताना लिव्हर त्याच्याच मागे लागतं आणि साखर बनवायचं काम मागे पडतं. त्यामुळे साखर घसरते ती बैठकीत नव्हे, बरेचदा मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. घाम, बरळणं, लडखडणं ही लक्षणं पाहून घरचे म्हणतात, ‘जास्त झालेली दिसते, झोपू द्या.’ असं करू नका. ग्लुकोमीटरने साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये फार दारू झाली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो, विशेषतः किडनी कमजोर असेल तर.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम), ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं आणि सुस्ती आणणारी सर्दीची औषधं अल्कोहोलबरोबर श्वास मंदावू शकतात. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर वरखाली होतो. क्षयाची औषधं, विशेषतः आयसोनियाझिड, आणि संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट लिव्हरवर आधीच भार टाकतात. रोज पिणाऱ्याने डोकं दुखतंय म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेणं धोक्याचं आहे. मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल किंवा सेफोपेराझोन चालू असताना आणि ती संपल्यावर किमान तीन दिवस चाखणं बंद ठेवा.

डायसल्फिराम हे औषध वेगळं आहे, त्याबद्दल घरच्यांशी बोलायचं आहे. व्यसनमुक्तीच्या उपचारात हे दिलं जातं. ते घेतल्यावर दारूचा घोट गेला की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, कधी जीवही जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ‘त्यांना न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून काही जण अशी गोळी जेवणात किंवा चहात मिसळतात. त्यामागचा त्रास मला कळतो. पण ज्याला माहीत नाही तो शनिवारी ग्लास उचलणारच, आणि काय झालं हे ना त्याला कळेल ना तपासणाऱ्या डॉक्टरला. असं कधीही करू नका. केलं असेल तर आज डॉक्टरांना सांगा.

मिथेनॉल

तुम्ही कितीही चांगले चाखणारे असा, एक गोष्ट तुमच्या नाकाला आणि जिभेला कळणार नाही, ती म्हणजे मिथेनॉल. त्याचा वास आणि चव नेहमीच्या अल्कोहोलसारखीच असते. चमच्यात पेटवून निळी ज्योत पाहण्याची परीक्षा भरवशाची नाही. मिथेनॉल आणि इथेनॉल मिसळलेले असताना ज्योत निळीच दिसू शकते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. ती सगळी वर्षानुवर्षं पिणारी, दारूची चव ओळखणारी माणसं होती.

त्यामुळे घरी गाळलेली, सुट्टी, सील तुटलेली, ‘मिलिटरी कोट्यातली’ किंवा ओळखीच्या माणसाने स्वस्तात दिलेली परदेशी बाटली चाखायला घेऊ नका. रिकाम्या महागड्या बाटल्यांना बाजारात गिऱ्हाईक असतं, ते कशासाठी याचा विचार करा. तुमच्या रिकाम्या बाटल्या भंगारात देताना लेबल फाडून टाका.

मिथेनॉल स्वतः फारसं विषारी नसतं. लिव्हर त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं, आणि ते डोळ्यांच्या नसा जाळतं. यासाठी वेळ लागतो, म्हणून लक्षणं बरेचदा १२ ते २४ तासांनी येतात, सोबत चांगली दारू घेतलेली असेल तर त्याहून उशिरा. पोटात दुखणं, उलट्या, धाप लागणं, डोळ्यांपुढे धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं. दुसऱ्या दिवशी ‘हँगओव्हर’ असताना दृष्टी धूसर झाली तर तो हँगओव्हर समजू नका. डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच जा आणि उरलेली बाटली सोबत न्या. उपचार आहेत, पण तास महत्त्वाचे असतात. त्याच बाटलीतलं इतर कुणी प्यायलं असेल तर लक्षणं नसली तरी त्यांनाही घेऊन जा.

छंद आणि सवय

शेवटी त्या पत्नीच्या वाक्याकडे परत येतो. चाखणं आणि पिणं यांतला फरक बाहेरून दिसतो, फक्त बघायचं ठरवावं लागतं. चाखणाऱ्याच्या ग्लासात उरतं. तो अर्ध्यात थांबू शकतो, सर्दी झाली तर बैठक रद्द करतो, कारण नाकच चालत नाही. सर्दी असतानाही बैठक होत असेल, वहीतली शेवटच्या दोन बाटल्यांची नोंद वाचता येत नसेल, शनिवारची बैठक बुधवारीही होऊ लागली असेल, तर छंदाचं नाव तेच राहून आतलं काही बदललेलं असतं. स्वतःला विचारायचे चार प्रश्न आम्ही दवाखान्यातही वापरतो. कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कुणी बोललं म्हणून राग आला का? घेतल्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घ्यावी लागली का? दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ असतील तर डॉक्टरांशी बोला. शेवटचं एकटं ‘हो’ असलं तरी बोला.

त्या गृहस्थांनी सिरिंज नेली. तीन महिन्यांनी आले तेव्हा पाच किलो वजन उतरलं होतं आणि गटातला एक मित्र यायचा बंद झाला होता. ‘थुंकायचं असेल तर मी कशाला येऊ’ असं तो म्हणाला. मी त्या मित्राला भेटायला सांगितलं, अजून आलेला नाही.

बैठकीला येणाऱ्यात कुणी सोडलेला माणूस असेल तर त्याला ‘नुसता वास तर घे’ असंही म्हणू नका. नाकातून गेलेला वास पोटात जात नाही, पण मेंदूतली जुनी वाट तो जागी करतो. त्याचा ग्लास कोकम सरबताचा असू द्या, आणि त्यावर कुणी विनोद करणार नाही हे यजमानाने आधीच पाहावं.

आणि जो रोज, बरीच वर्षं, मोठ्या प्रमाणात घेत आला आहे त्याने हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. अचानक बंद केल्यावर ६ ते ४८ तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं, फिट येणं असं होऊ शकतं, आणि दोन ते चार दिवसांनी भ्रम होऊन जिवाला धोका होतो. हे टाळता येतं, त्यासाठी औषधं आहेत, आणि काही जणांना थोडे दिवस दाखल व्हावं लागतं. नशामुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत आणि घरच्या माणसानेही फोन केलेला चालतो. डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी, जुने लिव्हरचे रिपोर्ट आणि गेल्या सात दिवसांत रोज किती मिली झाली याचा कागद सोबत न्या. मिली सिरिंजने मोजलेले असावेत.